सप्तशृंगी प्रसन्न, दुसरा मजला

कळवणात नानांचं एकही काम आजवर अर्जाने झालेलं नाही. सगळी कामं ओळखीने. डीपी जळाली की नाना लाईनमनच्या मेव्हण्याला फोन लावतात, गॅसचा नंबर लांबला की एजन्सीतल्या पोराच्या वडिलांना गाठतात. (नाना म्हणजे प्रस्तुत लेखकच. स्वतःबद्दल तिसऱ्या माणसासारखं लिहिलं की चुका त्या माणसाच्या वाटतात, एवढीच सोय.) त्यामुळे मुलाला स्टुटगार्टला नोकरी लागली आणि ‘तिकडे घर लावायला कोणीतरी मोठं माणूस हवं’ अशी घरात चर्चा निघाली, तेव्हा ते मोठं माणूस कोण, हे नानांनीच ठरवून टाकलं. व्हिसा ९० दिवसांचा मिळाला. तेवढ्या दिवसांत नानांनी शेतात दोन बोअर मारलेत आणि त्यातल्या एकाला पाणीही लागलंय. एका फ्लॅटला लाईट आणि इंटरनेट जोडायचं म्हणजे काय मोठंसं!

शिवाय मुंबई आणि स्टुटगार्ट ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. म्हणजे गाव नात्यातलंच निघालं.

त्या गावात भाडी दोन असतात, एक थंड आणि एक गरम. थंड भाडं नुसत्या भिंतींचं. गरम भाड्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्यातला दिवा हे सगळं आलं. घरातली वीज मात्र दोन्हींत नाही. नानांनी थंड भाड्यावर घासाघीस करून पाहावी असं सुचवलं, पण मुलाने भाषांतर करायला नकार दिला.

फ्लॅटचं दार उघडलं तर स्वयंपाकघराच्या जागी एक रिकामी खोली आणि भिंतीतून डोकावणारे दोन नळाचे पाईप. आधीचा भाडेकरू ओटा, कपाटं आणि भांडी घासायचं सिंकसुद्धा घेऊन गेला होता. चोरी नव्हे, जर्मनीत ती रीतच आहे. छताला दिवेही नव्हते, नुसत्या वायरी लोंबत होत्या. कळवणात घर सोडताना भाडेकरूने बल्ब काढून नेला तरी महिनाभर त्याची चर्चा होते. इथे माणूस अख्खी मोरी उचलून नेतो आणि त्याला कोणी काही विचारत नाही.

वायरी पाहून मात्र नानांना हुरूप आला. पक्कड निघाली, खुर्ची लागली, आणि काळी वायर दिसताच ‘ही न्यूट्रल’ म्हणून नानांनी हात पुढे केला. सुनेने टेस्टर पुढे केला म्हणून हा मजकूर आज छापून येतो आहे. आपल्याकडे लाल फेज, काळी न्यूट्रल. तिकडे काळी किंवा तपकिरी फेज आणि निळी न्यूट्रल. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्गशी, म्हणजे ज्या राज्याची स्टुटगार्ट ही राजधानी आहे त्याच राज्याशी, कुशल कामगार पाठवण्याचा करार केला. त्यात इलेक्ट्रिशियनही आहेत. त्या पोरांना भाषेआधी एवढी काळी वायर शिकवावी, अशी नानांची सरकारला विनंती आहे.

बल्ब लावला आणि तो पेटला. नाना दचकले. अर्ज नाही, कोटेशन नाही, डिपॉझिट नाही, मग लाईट आली कुठून?

“म्हणजे आपण आकडा टाकलाय?” नानांनी हळू आवाजात विचारलं.

“नाना, इथं कायदाच तसा आहे. तुम्ही कंपनी निवडली नाही, तर भागातली ठरलेली कंपनी आपोआप वीज देते. दर जरा चढा असतो. दोन आठवड्यांची नोटीस दिली की सोडता येते.”

नानांनी तळघरात जाऊन मीटरचा आकडा वहीत लिहून घेतला, आणि शेजारच्या भिंतीवर कुठे हुकाची वायर दिसते का, तेही जाता जाता पाहून घेतलं. नव्हती. थ्री फेज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते म्हणून जानेवारीच्या थंडीत रात्री दोन वाजता कांद्याला पाणी भरलेल्या माणसाला, न मागता मिळालेल्या विजेचा थोडा रागच येतो.

तर लाईट झाली. राहिलं इंटरनेट, आणि तिथून खरी कथा सुरू होते.

जर्मनीत बिऱ्हाड केलं की दोन आठवड्यांच्या आत नागरिक कार्यालयात पत्ता नोंदवावा लागतो, सोबत घरमालकाचा दाखला. त्यानंतर सगळं पत्राने येतं. अकरा आकडी कर क्रमांक पत्राने. बँकेचं कार्ड एका पत्राने आणि त्याचा पिन दुसऱ्याने. इंटरनेटवाला माणूस कोणत्या तारखेला येणार, तेही पत्राने. मोटारी बनवून जगभर विकणारा हा देश पोस्टमनच्या पिशवीवर चालतो, हे नानांना फार आवडलं. फक्त एक गोष्ट नानांना ठाऊक नव्हती. तिकडच्या इमारतीत फ्लॅटला बहुधा नंबर नसतो. पत्त्यात रस्ता, घर क्रमांक आणि माणसाचं आडनाव, बस्स. पत्रपेटीवर जे आडनाव, त्याचं पत्र. पेटीवर आडनाव नाही तर तो माणूसच नाही.

पेटीवर आणि घंटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव होतं. घरमालक म्हणाला, नवी पट्टी मागवतो, तीन आठवडे लागतील. तीन आठवडे! कळवणच्या बसस्टँडसमोर रेडियमची पाटी अर्ध्या तासात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी नानांनी पुठ्ठा कापला, नातवाचे स्केचपेन घेतले आणि स्वतःच्या हाताने, शिरोरेषा पट्टीने आखून, सुबक पाटी रंगवली. वर ‘॥ श्री सप्तशृंगी माता प्रसन्न ॥’, खाली ठसठशीत आडनाव, कोपऱ्यात ‘कळवण, जि. नाशिक’. अशा दोन केल्या, एक घंटीवर, एक पेटीवर. सगळं देवनागरीत.

मुलाने पाटी पाहिली होती. पण वर देवीचं नाव असल्याने त्याने नमस्कार केला आणि ऑफिसला गेला.

पुढचे पंचवीस दिवस पेटी रिकामी राहिली. या काळात नानांनी स्टुटगार्ट पाहिलं. १९५६ सालचा टीव्ही मनोरा उंच आहे. स्टेशनाचं नवं काम २०१० पासून चालू आहे, ते पाहून घरची आठवण आली. आपल्या सप्तशृंगी गडावर २०१८ पासून फ्युनिक्युलर ट्रॉली आहे, तशी इथे १९२९ सालची आहे. आपली देवीकडे नेते, यांची दफनभूमीकडे. बाकी वेळ नाना पेटीपाशी. बँकेचं कार्ड परत गेलं. पिनही परत गेला. कर क्रमांकाचा पत्ता नाही. इंटरनेटवाला ठरल्या दिवशी येऊनही गेला, घंटीवर नाव सापडलं नाही म्हणून. फोनवर मुलाला कळलं ते एवढंच: या पत्त्यावर असा माणूस आढळत नाही. नाना चिडले. “गेल्या महिन्यापासून मी इथं उभा आहे, आणि आढळत नाही म्हणतात!” अठरा भुजांची देवी पाटीवर होती, पण त्यातला एकही हात पोस्टमनला पेटी दाखवेना.

अठ्ठाविसाव्या दिवशी दाराच्या मुठीला एक छोटी लाकडी पाटी लटकलेली दिसली. आली एकदाची घरमालकाची पट्टी! नानांनी ती सुनेला दाखवली, पेढ्यांचं विचारलं. सुनेने वाचलं. पाटीवर लिहिलं होतं ते असं, की या आठवड्यात जिना झाडायची पाळी तुमची.

ही स्टुटगार्टची प्रसिद्ध केरवोखऽ, म्हणजे झाडण्याचा आठवडा. उगम १४९२ सालच्या शहर-कायद्यात. कोलंबस आपल्याला शोधायला निघून भलतीकडे पोहोचला त्याच वर्षी हे लोक झाडू कोणी मारायचा ते ठरवत होते. नानांनी झाडू घेतला. कळवणात नानांच्या हातात झाडू पाहिलेला जिवंत साक्षीदार नाही.

पाटी लावणारी समोरची आजी काम तपासायला बाहेर आली. ऐंशीच्या पुढची असावी. कोपरे पाहिले, मान डोलावली, मग नानांना हाताला धरून खाली पत्रपेट्यांपाशी घेऊन गेली आणि पुठ्ठ्यावर बोट ठेवून मोडक्या इंग्रजीत विचारलं, हे चित्र कशाचं? नानांनी त्याहून मोडक्या इंग्रजीत सांगितलं, चित्र नाही, नाव आहे. वर देवीचं, खाली माझं.

आजी हसली नाही. घरात जाऊन कात्री, चिकटपट्टी आणि जाड पेन घेऊन आली. नानांनी पासपोर्ट दाखवला, तिने रोमन अक्षरांत आडनाव लिहिलं. पट्टी चिकटवताना तिने वरची देवीची ओळ झाकू दिली नाही, खाली जागा करून लावली. तिच्या स्वतःच्या पेटीवर दोन नावं होती. नानांनी दुसऱ्या नावाकडे बोट केलं. नवरा, म्हणाली. अकरा वर्षांपूर्वी वारला. नाव काढलं तर त्याची पत्रं परत जातील.

नाना वर आले आणि उरलेला जिना पुन्हा एकदा झाडला.

पट्टी लागल्यावर कार्ड आलं, पिन आला, कर क्रमांक आला. इंटरनेट एकोणसत्तराव्या दिवशी जोडलं गेलं, तोवर नानांचे एकवीस दिवस उरले होते. पण रोमन आडनाव वाचून पोस्टमनने पेटीत टाकलेलं सगळ्यात पहिलं पत्र होतं सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं. ती प्रत्येक घराला लागते, महिना १८.३६ युरो, तीन महिन्यांचे एकदम ५५.०८. घरात टीव्ही अजून घेतलेला नाही.