शून्याची थोरवी

नीट-पीजी या पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या तयारीतले डॉक्टर गमतीने सांगतात: पर्सेंटाइलच्या परीक्षेत स्वतः पुढे जाण्यापेक्षा बाकीच्यांना गाफील ठेवणं सोपं. म्हणून रात्रभर जागायचं आणि सकाळी 'काहीच वाचलं नाही रे' म्हणायचं. 2023 मध्ये केंद्र सरकारने हा अभिनयही वाचवला. पात्रता थेट शून्य पर्सेंटाइलवर आणली. 200 प्रश्न, बरोबरला चार गुण, चुकीला एक वजा. पण वजाबाकीत बुडालेलाही पात्र! निर्णय स्तुत्यच, कारण जागा रिकामी राहणं हे राष्ट्रीय नुकसान, डोकं रिकामं राहणं ही ज्याची त्याची खासगी बाब. 'पेशंटचं काय?' असं काही नतद्रष्ट विचारतात. पेशंटलाही पर्सेंटाइल लावावा: दगावलेल्यांपेक्षा प्रकृती बरी, म्हणजे उत्तीर्ण. खासगी कॉलेजची फी तेवढी अजून जुन्या पद्धतीने, पूर्ण रकमेत मोजतात.