सातचा भोंगा

त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. लिहायची माझी तयारी होती, हरकत त्याचीच आली. "काका, माझी संमती घेतलीत? कशासाठी घेताय ते सांगितलंत? उद्या मला ती काढून घ्यायची असेल तर काय सोय ठेवलीय?" डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा या पोराला आरतीसारखा पाठ आहे. तेव्हा लग्नपत्रिकेत छापतात तसं आपण त्याला नुसतं चिरंजीव म्हणू. तसंही मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत आता प्रत्येक सोसायटीत असा एकेक नग निघतोच. खांद्याला कापडी पिशवी, हातात स्टिकरांनी मढलेली पाण्याची बाटली आणि चेहऱ्यावर सगळ्या जगाची काळजी, एवढ्या खुणा पुरेत.

चिरंजीव अंधेरीतल्या एका छोट्या संस्थेत इंटर्न आहेत. आमच्या वेळी याला उमेदवारी म्हणत आणि ती एखाद्या वकिलाकडे नाहीतर छापखान्यात करत. याची संस्था सोशल मीडियाच्या सुधारणेसाठी झटते. कंपन्यांनी मुलांना व्यसन लावणारे डाव सोडावेत, कोणती पोस्ट वर का येते ते उघड सांगावं, तक्रारीला माणसाने उत्तर द्यावं, अशा तिच्या मागण्या. हे नातेवाइकांना समजावता समजावता त्याच्या आईची दमछाक होते.

"सोशल मीडियात आहे हो आमचा."

"अगंबाई! मग माझ्या पापडांचं जरा टाकायला सांग की."

"नाही हो, तो त्याच्या विरोधात आहे."

"मग पगार कोण देतं?"

या प्रश्नाचं उत्तर आईला अजून मिळालेलं नाही. मानधन मिळतं. त्यातलं अर्धं प्रवासात जातं आणि उरलेलं अंधेरीच्या कॉफीत.

एकदा मला मरोळला काम होतं म्हणून त्याच्याबरोबर गेलो. मुलुंडहून घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून जिना चढून मेट्रो. ही मेट्रो २०१४ च्या जूनमध्ये सुरू झाली, तेव्हा लोक खिडकीतून असल्फाची टेकडी बघायचे. आता डब्यात सगळ्यांच्या माना खाली, जणू दुखवट्याची सभा. चिरंजीवांनी मला कोपराने ढोसलं. "बघताय ना काका? मी रोज मोजतो. घाटकोपर ते साकीनाका, मान वर केलेली माणसं किती." कुठे मोजतोस, म्हटलं. त्याने मोबाईल दाखवला. मोजदादीत तो इतका गढला की मरोळ नाका मागे पडला. माझंही लक्ष त्याच्या मोबाईलमध्येच होतं, त्यामुळे बोलायला तोंड राहिलं नाही.

पण पोरगं समजावतं छान. कुठल्याशा बैठकीतले शब्द तोंडात नसले की फारच छान. मी विचारलं, हे बोट वर सरकवणं थांबत का नाही रे? तो म्हणाला, "काका, पूर्वी पान संपायचं. पुढचं हवं असेल तर दाबावं लागायचं, त्या एका क्षणात माणूस शुद्धीवर यायचा. २००६ मध्ये आझा रास्किन नावाच्या माणसाने पान संपूच नये अशी युक्ती काढली. पंगतीत हात आडवा घालायच्या आत वाढपी जिलबी टाकून पुढे जातो ना, तसं." आणि तो रास्किन? "त्याला नंतर पश्चात्ताप झाला. बोलून दाखवतो तो." आमच्याकडच्या वाढप्यांना तो कधी झालेला ऐकिवात नाही.

चिरंजीवांचं संस्थेतलं मुख्य काम मात्र ऐकून मी खुर्चीत सावरून बसलो. ते रील बनवतात. लोकांनी रील बघू नयेत, यासाठी रील. पहिल्या तीन सेकंदांत माणूस अडकला पाहिजे, असं त्यांच्या वरच्या ताईंनी बजावलंय. मी आपला बँकेतला जुना कारकून, हिशोब मांडून बघितला. "तीन सेकंदांत तुझं पटलं आणि माणसाने मोबाईल ठेवला, तर?"

"तर आकडा पडतो काका."

"आणि शेवटपर्यंत बघत बसला, तर?"

"तर अहवालात यश म्हणून जातं."

म्हणजे जितके लोक ऐकणार नाहीत तितकी संस्थेची भरभराट. असा ताळेबंद मी छत्तीस वर्षांत पाहिला नव्हता. चिरंजीवही हसले, पण जरा कसनुसं. त्या रात्री त्यांच्या खिडकीत दीडपर्यंत निळा उजेड होता. रील किती जणांनी पाहिलं ते बघत बसले असणार.

त्यांचा खरा सामना आजीशी. आजी चौथ्या मजल्यावरचं प्रसारण केंद्र आहेत. पहाटे साडेपाचला सूर्योदय, सहाला मधुमेहावर कारल्याचा रस, सातला "सावधान, मुलं पळवणारी टोळी आली आहे". हा तिसरा निरोप बघून चिरंजीव जेवता जेवता ताटावरून उठले. मी समोर होतो. आवाज न चढवता त्यांनी आजींना राईनपाड्याचं सांगितलं. धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, बाजाराचा दिवस. नेमकी हीच अफवा मोबाईलवरून फिरत होती. भिक्षा मागत हिंडणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. चिरंजीव तेव्हा शाळेत होते. आजींनी चष्मा काढून पदराने पुसला.

"म्हणून आजी, त्या महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात पाचाहून जास्त ठिकाणी एकदम पाठवणं बंद केलं."

"ते होय! मला वाटलं माझाच फोन बिघडला. मी आपली पाच-पाच करून पाठवते."

"आणि खूप फिरून आलेला निरोप २०२० पासून एका वेळी एकालाच जातो."

"ठाऊक आहे. तो मी कॉपी करते."

कॅलिफोर्नियातल्या अभियंत्यांना पुरून उरलेल्या या बाईने त्या दिवशी मात्र तो निरोप पुसला. एवढंच नव्हे, सातही गटांत "मघाचं खोटं होतं" असं स्वतः टाईप करून लिहिलं. त्याला पाऊण तास लागला. चिरंजीवांच्या अहवालात हे कुठल्या रकान्यात बसतं कुणास ठाऊक. मला विचाराल तर त्यांच्या सहा महिन्यांच्या इंटर्नशिपमधलं हे सगळ्यात मोठं काम.

त्यांचे वडील म्हणतात, बंदच करून टाका सगळं, ऑस्ट्रेलियाने सोळाच्या आतल्या पोरांना बंद केलंच ना. इथे चिरंजीव भडकतात. "बाबा, सुधारणा वेगळी आणि तोंड दाबणं वेगळं." मग पालघर निघतं. २०१२ च्या नोव्हेंबरात मुंबई बंदबद्दल फेसबुकवर चार ओळी लिहिणारी एक मुलगी आणि त्या ओळी लाइक करणारी दुसरी, दोघींना पोलिसांनी पकडलं. ज्या कलमाखाली असं व्हायचं ते ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं, आणि त्या खटल्यातली अर्जदार श्रेया सिंघल कायद्याची वाट धरलेली तरुण मुलगी होती, हे सांगताना चिरंजीवांची छाती दोन इंच फुगते. सरकारविषयी काय खोटं ते सरकारनेच ठरवायचं, हा नियम मुंबई उच्च न्यायालयात २०२४ च्या सप्टेंबरात पडला, तेव्हा त्यांनी मजल्यावर पेढे वाटले होते. आईला वाटलं, एटीकेटी सुटली.

याच उमेदीत त्यांनी आमच्या सोसायटीवर मोहित्यांचे वडगाव आणलं. सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात हे गाव आहे. लॉकडाऊनमधल्या ऑनलाइन शाळेने पोरांच्या हातात मोबाईल आला तो सुटेना, म्हणून २०२२ मध्ये गावाने ठरवलं: संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की घरोघर टीव्ही-मोबाईल बंद, साडेआठला पुन्हा वाजला की चालू. तेवढ्यात पोरांचा अभ्यास, मोठ्यांच्या गप्पा. गावाला जमलं. मग मुलुंडला का जमू नये?

सभेत हे मांडलं तेव्हा पहिली शंका सेक्रेटरींचीच. सातला निम्मी सोसायटी विक्रोळी-कांजूरमार्गच्या मध्ये लटकलेली असते, तिने मोबाईल कुठे बंद करायचा? दुसरी शंका मालिकेची, ती कुणी उघड बोललं नाही. शेवटी फक्त रविवार, असा तह झाला. हे सभेत ठरलं आणि त्यावर रात्री व्हॉट्सॲप गटात एकशे बारा निरोप पडले, त्यातले चाळीस नुसते हात जोडलेले. भोंगा म्हणून गणेश मंडळाचा कर्णा माळ्यावरून निघाला. त्याला सायरनचं बटण आहे, हे दहा वर्षांत कुणाला माहीत नव्हतं.

पहिल्या रविवारी बरोबर सातला चिरंजीवांनी बटण दाबलं. कुत्री भुंकली, कावळे उडाले आणि चारही मजल्यांच्या खिडक्या-गॅलऱ्यांतून माणसं बाहेर आली. प्रत्येकाच्या हातात मोबाईल. सगळे भोंग्याचं शूटिंग करत होते. सात वाजून चार मिनिटांनी व्हिडिओ गटात, सव्वासातला आजींच्या सातही गटांत. चिरंजीव मधोमध कर्णा धरून उभे होते. अंधेरीहून ताईंचा फोन आला, फारच सुंदर झालंय म्हणाल्या, आडवं न घेता उभं घ्यायला हवं होतं.

दुसऱ्या रविवारी शूटिंगला कुणी आलं नाही, नवल संपलं होतं. पण मीटरच्या खोलीतून कॅरमबोर्ड निघाला. तिसऱ्या रविवारी त्याच्याभोवती नऊ माणसं होती, आणि आजी राणी घेण्यात किती लबाड आहेत ते आम्हाला कळलं. फक्त गेटवर घोळ झाला. पाहुण्याला सोडायचं की नाही हे घरच्यांनी मोबाईलवर कळवायचं असतं आणि मोबाईल बंद. तीन पिझ्झे घेऊन एक पोरगा वॉचमनच्या शेजारी साडेआठपर्यंत बसून होता. त्यातला एक चिरंजीवांचा.

भोंगा अजून चालू आहे. कधी मुलुंड पूर्वेला आलात तर रविवारी सातला जरूर या, कॅरमला एक भिडू कमी पडतो. फक्त आत सोडताना वॉचमन ओटीपी मागतो, तेव्हा मोबाईल घरी ठेवून येऊ नका.