स्वस्तातली गोळी : नवशिक्यांसाठी आठ पायऱ्या

तुम्ही अमेरिकेत राहता, घरात रीतसर घेतलेलं रिव्हॉल्व्हर आहे, रिकामं गॅरेज आहे आणि दुकानातली काडतुसं परवडत नाहीत, अशी तुमची तक्रार आहे. अभिनंदन! काडतुसं घरीच भरण्याच्या छंदाला तुम्ही सर्वार्थाने लायक आहात. (भारतातल्या वाचकांनी पुढचं निव्वळ करमणूक म्हणून वाचावं. इथे परवान्याशिवाय काडतूस बनवलं, तर १९५९चा शस्त्र कायदा राहण्याजेवणाची सोय सरकारी खर्चाने करतो.)

काम दिसायला सोपं आहे. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी उचला, ठिणगी देणारा प्रायमर बदला, पावडर भरा, वर शिशाची ओतीव गोळी बसवा. प्रश्न एवढाच, की कोणती पावडर आणि किती. या प्रश्नावर माणसं म्हातारी झाली. तुम्ही आठ पायऱ्यांत उरका.

१. बचतीसाठी आधी भरपूर खर्च करा. प्रेस, डाय, तराजू, शिसं वितळवायची भट्टी, गोळीचा साचा, पुंगळ्या घासायचं यंत्र, सगळं घ्या. एका काडतुसामागे किती सेंट वाचले, हे घरच्यांना सांगताना यंत्रांची किंमत हिशेबात धरू नका. ती ‘गुंतवणूक’ आहे. गुंतवणूक वसूल व्हायची तर पूर्वीच्या चौपट गोळ्या झाडाव्या लागतील. त्याला इलाज नाही. बचत ही त्यागाशिवाय होत नसते.

२. शिसं फुकट मिळवा. गाडीच्या चाकांचा तोल साधणारी जुनी वजनं टायरवाल्याकडे बादलीभर मिळत. हल्ली त्या बादलीत जस्त आणि पोलादच जास्त निघतं. शिसं ३२७ अंशांना वितळतं, जस्त सुमारे ४२० अंशांना. तेव्हा भट्टी नीट तापवली की जस्तही शिशात विरघळतं, साचा धड भरत नाही आणि अख्खा घाणा वाया जातो. मग लायमन कंपनीचं ‘नंबर २’ मिश्रण करा : ९० टक्के शिसं, ५ टक्के कथील, ५ टक्के अँटिमनी. गोळी जितकी कडक तितकी उत्तम, असं छातीठोक सांगा. रिव्हॉल्व्हरच्या साध्या वेगाला कडकपणापेक्षा गोळीचं माप महत्त्वाचं असतं. फार कडक गोळी नळीत फुलत नाही, तिच्या कडेने तापलेला वायू निसटतो आणि नळीला शिसं चिकटतं. पण हे कळलं तर कडकपणा मोजायचं यंत्र विकत घेता येणार नाही. म्हणून कळू देऊ नका.

३. पावडर शास्त्रशुद्ध निवडा. झटकन जळणारी हलक्या बारासाठी, सावकाश जळणारी जोरदार मॅग्नम काडतुसांसाठी. बुल्सआय पहिल्या जातीची, २४०० दुसऱ्या, युनिक मधली. हे तोंडपाठ करा, म्हणजे दुकानदार ‘संपली’ म्हणेल तेव्हा दुःख नेमकं कशाचं करायचं ते कळेल. २०२०नंतरच्या टंचाईत हे ज्ञान अनेकांच्या कामी आलं. मग फळीवर जो डबा उरला असेल तो उचला आणि घरी येऊन त्याला शोभेलसा आकडा शोधा. मुलगी आधीच पसंत असली, की पत्रिका जुळवून देणारे गुरुजी गाठायचे असतात. इथेही तेच करायचं.

४. एका डब्यावर निष्ठा ठेवा. विंचेस्टर २३१ आणि एचपी-३८ ही एकच पावडर, डबे दोन. विकणारी हॉजडन कंपनी तसं उघड सांगते. तरीही २३१ ‘जास्त स्वच्छ जळते’ असं तुम्ही ठामपणे म्हणा. मत जितकं निराधार, तितका अनुभव दांडगा वाटतो.

५. पावडरीच्या मात्रा सांगणारी पुस्तकं किमान चार घ्या. एकच पावडर आणि एकाच वजनाची गोळी असूनही चौघांची कमाल मात्रा वेगळी निघेल. कारणं साधी आहेत : चाचणीची नळी वेगळी, पुंगळी वेगळी, प्रायमर वेगळा, गोळीचा आकार आणि ती किती खोल बसवली तेही वेगळं. शिवाय जुनी पुस्तकं तांब्याचा तुकडा किती चेपला त्यावरून दाब मोजत, नवी विद्युत संवेदकाने मोजतात. एका मापाचं दुसऱ्यात नेमकं रूपांतर करणारं सूत्र नाही. एवढ्या खोलात शिरू नका. नव्या पुस्तकात मात्रा कमी दिसली, की ‘वकिलांनी कमी करायला लावली’ म्हणा आणि चारांतल्या सर्वांत मोठ्या आकड्याला ‘विश्वासार्ह’ ठरवा. ‘कमाल मात्रेच्या दहा टक्के खालून सुरुवात करा’ ही सूचना इतरांसाठी छापलेली असते.

६. भरताना मन रमवा. टीव्हीवर सामना लावा, मित्राला बोलवा. .३८ स्पेशलची पुंगळी मुळात काळ्या दारूच्या काळातली, म्हणून ऐसपैस. झटकन जळणाऱ्या आधुनिक पावडरीची मात्रा तिच्या तळाशी कुठेतरी पडून असते. चुकून दोनदा भरली तरी पुंगळी तक्रार करत नाही; तक्रार पुढे रिव्हॉल्व्हर करतं. गोळी बसवण्याआधी प्रत्येक पुंगळीत दिवा धरून डोकावणारे लोक असतात. त्यांची कीव करा; त्यांच्याकडे सांगण्यासारखा एकही किस्सा नसतो. पावडर भरायचीच राहिली आणि बार फुसका झाला, तर गोळी नळीत अडकलेली असू शकते. थांबून पाहू नका. दुसरी गोळी मागून येऊन आदळेल आणि नळी फुगेल. फुगलेली नळी दिवाणखान्यात लक्ष वेधून घेते.

७. दाबाची लक्षणं ओळखायला शिका. प्रायमर चपटा झाला का, पुंगळी सिलिंडरमधून अडखळत निघते का, ते भिंगातून पाहा आणि ‘हं’ म्हणा. .३८ स्पेशलची कमाल मर्यादा १७,००० पीएसआय, १९३५च्या .३५७ मॅग्नमची ३५,०००, पितळ तेच. म्हणजे .३८ची मर्यादा तुम्ही केव्हाच ओलांडलेली असते तरी प्रायमर गोल गरगरीत राहून तुम्हाला धीर देत असतो. एवढं करून वाईट काही झालंच, तर एल्मर कीथचं नाव घ्या. आयडाहोच्या या टोपीवाल्या, सिगारवाल्या गड्याने १९२०च्या दशकात जोरकस भरलेल्या काडतुसांनी .४५ कोल्टचं सिलिंडर उडवलं. पुढे तो जाड भिंतींच्या .४४ स्पेशलकडे वळला, आणि १९५५ साली आलेल्या .४४ मॅग्नमचं बरंचसं श्रेय त्याला मिळालं. त्याने यातून मजबूत सिलिंडर निवडायचा धडा घेतला; तुम्ही फक्त सिलिंडर उडवण्याचा भाग घ्या. टोपी वेगळी विकत मिळते.

८. आता शिकवा. एव्हाना तुम्ही तज्ज्ञ झालातच. कोणी नवशिका ‘किती भरू?’ म्हणून विचारेल. चारचौघांत खणखणीत आवाजात सांगा, ‘पुस्तकाप्रमाणेच.’ मग त्याला बाजूला घेऊन आपला आकडा सांगा आणि पुस्ती जोडा, ‘माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये मजेत चालतं.’ त्याचं रिव्हॉल्व्हर वेगळं आहे, गोळी वेगळी आहे, पावडरीचा लॉट वेगळा आहे, असं काही तो म्हणू लागला, तर मात्र सावध व्हा. त्याने पुस्तक खरोखर वाचलेलं आहे. असा माणूस या छंदात बोटं शाबूत ठेवून म्हातारा होतो, आणि त्याला कोणी सल्ला विचारायला जात नाही.