दोन शब्द प्रास्ताविकाचे

न्यू जर्सीतल्या मराठी वर्तुळात प्रत्येकाला एकेक खातं आपोआप मिळतं. एकाकडे ग्रीन कार्डच्या तारखा, एकीकडे उकडीचे मोदक, आणि एक गृहस्थ तर फक्त कुठल्या दुकानात हापूस आला एवढंच कळवतात. माझ्याकडे ‘द ट्वायलाइट झोन’ आलं. या खात्यासाठी दुसरा उमेदवारच नव्हता, त्यामुळे माझी निवड बिनविरोध झाली.

मी इकडे नवा होतो तेव्हा एका ३१ डिसेंबरला खोलीतले सगळे मित्र अटलांटिक सिटीला गेले आणि मी तापानं फणफणत मागे राहिलो. भारतातून आणलेली क्रोसिन घेतली आणि टीव्ही लावला. साय-फाय चॅनेलवर ही जुनी काळीपांढरी मालिका अखंड चालली होती. नव्या वर्षाला असं पारायण लावायची त्यांची प्रथा १९९५ पासूनची. पडद्यावर जाड भिंगांचा एक बँकेतला कारकून. त्याला वाचनाचं वेड, पण बायको वाचू देत नाही, साहेब वाचू देत नाही. जेवणाच्या सुट्टीत तिजोरीच्या खोलीत लपून वाचत बसतो, बाहेर हायड्रोजन बॉम्ब पडतो, आणि जगात हा एकटा उरतो. समोर ग्रंथालयाच्या पुस्तकांचे ढीग आणि हाताशी हवा तेवढा वेळ. तेवढ्यात चष्मा खाली पडून फुटतो. बर्जेस मेरेडिथचा तो चेहरा पाहिला आणि मी आधी उशाशेजारचा माझा चष्मा उचलून टीव्हीवर नेऊन ठेवला.

त्यानंतर ज्या घरी जेवायला गेलो त्या घरी ही गोष्ट सांगितली. लोक म्हणत, “शेवट नको सांगूस, आम्ही बघू.” मी सांगायचो. ते काही बघणार नाहीत हे मला माहीत होतं.

म्हणून २०१९ साली ही मालिका नव्यानं येणार असं जाहीर झालं तेव्हा चार फोन मला आले. निर्माता आणि सूत्रधार जॉर्डन पील, ‘गेट आउट’च्या पटकथेसाठी ऑस्कर मिळवलेला माणूस. पहिला भाग १ एप्रिलला. तो बघायच्या आधीच माझी नाराजी तयार होती. जुन्याला हात लावायची गरज काय, हे पहिलं वाक्य. आता त्यात ती मजा नाही, हे दुसरं. तिसऱ्यासाठी भाग बघणं भाग होतं, म्हणून महिना ५ डॉलर ९९ सेंट भरून ती दाखवणारी सीबीएसची ऑनलाइन सेवा घेतली. बायको म्हणाली, “नावं ठेवायला पैसे भरतोस? माझ्या माहेरच्यांना तर फुकट ठेवतोस.”

पहिला भाग जवळजवळ तासाभराचा निघाला. त्यातल्या विनोदवीराचं काही केल्या जमत नसतं. मग तो आपल्या ओळखीच्या माणसांवर विनोद करू लागतो. हशा मिळतो, पण ज्याचं नाव घेतलं तो माणूस जगातूनच पुसला जातो. कुमैल नानजियानीनं काम छान केलंय. बायकोनं मात्र भाग संपल्यावर बराच वेळ माझ्याकडे रोखून पाहिलं. या लेखात घरच्यांपैकी वा मित्रांपैकी कुणाचं नाव का नाही, याचा खुलासा एवढाच.

माझ्यासारखे जुने भक्त तेव्हा जिकडेतिकडे एकच सूर लावत होते: भाग लांबलेत, शिव्या फार आहेत, उपदेश फार आहे, सगळं उलगडून सांगतात. मी हे चारही मुद्दे पाठ केले. आणि मराठी मंडळाच्या दर महिन्याच्या चित्रपट-कट्ट्यावर मी नवा भाग दाखवून, मग त्याचा जुना मूळ भाग दाखवून, फरक ‘सोदाहरण’ स्पष्ट करीन असं कळवून टाकलं. पहिला भाग लांबीमुळे आणि शिव्यांमुळे बाद झाला. मग विमानाचा भाग निवडला; जुन्यात पंखावर राक्षस दिसतो तो. १९६३ साली तो वीस हजार फुटांवर घडला होता, २०१९ मध्ये तीस हजार फुटांवर गेला. भाववाढ तिथेही आहे.

कट्टा एका मित्राच्या बेसमेंटमध्ये होता. पंचवीसेक माणसं, खाली चटया, मागे सोफा. सोफ्यावर यजमानांचे वडील अण्णा, सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेले. एसटीच्या डेपोत मेकॅनिक म्हणून उभी हयात काढलेली. इंग्रजीशी त्यांचा संबंध सुट्या भागांच्या नावांपुरता.

मूळ मालिकेचा जनक रॉड सर्लिंग काळा सूट घालून, बोटांत सिगारेट धरून पडद्यावर यायचा आणि पाऊण-एक मिनिटात गोष्टीचं दार उघडून निघून जायचा. मी ठरवलं, प्रास्ताविक त्याच थाटात करायचं. सूट होता, लग्नातला. बटण लागत नव्हतं. मी सिगारेट ओढत नाही आणि यजमानांनी ती घरात येऊही दिली नसती. म्हणून देव्हाऱ्यातली अगरबत्ती घेतली. एक पेटवली तर धूर दिसेना. मग चार-पाच एकत्र पेटवून दोन बोटांत धरल्या, भुवया आवळल्या आणि म्हणालो, “दोनच शब्द बोलतो.”

आता दोन शब्दांत सर्लिंग कसा बसायचा? बिंगहॅम्टनमध्ये वाढलेला पोरगा दुसऱ्या महायुद्धात फिलिपिन्समध्ये लढला, हे सांगायला नको का? १९५५ साली मिसिसिपीत एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचा खून झाला आणि मारेकरी निर्दोष सुटले. सर्लिंगनं त्यावर टीव्हीसाठी नाटक लिहिलं. ते प्रक्षेपित होईपर्यंत प्रायोजकांनी त्याचा असा चेहरामोहरा बदलला की मेलेला मुलगा राहिला नाही आणि दक्षिणेतलं गावही राहिलं नाही. तेव्हा त्यानं ओळखलं, की माणसांबद्दल बोलू देत नसतील तर परग्रहवाल्यांबद्दल बोलावं. हे सांगताना मला स्वतःलाच भरून आलं. मग १९५९ ते ६४ हे पाच मोसम, एकूण १५६ भाग, त्यातले ९२ त्यानं स्वतः लिहिलेले. प्रायोजकांत सिगारेटवालेही होते आणि हा पठ्ठ्या पडद्यावर त्यांची जाहिरात करायचा. १९७५ मध्ये, पन्नाशीतच, हृदयानं त्याला दगा दिला. नंतर १९८५ची आवृत्ती, तिचं संगीत ग्रेटफुल डेड या बँडचं, तिच्या लेखकांत ‘गेम ऑफ थ्रोन्स’वाला जॉर्ज मार्टिन...

“तेव्हाही लोक असंच म्हणाले असतील ना, की जुन्याची सर नाही?” चटईवरून माझ्या मुलीनं विचारलं.

“मध्ये बोलू नकोस, मी तिथेच येतोय,” मी म्हणालो आणि २००२ सालच्या आवृत्तीकडे वळलो. वळताना हात वर गेला. छताला लावलेला धुराचा अलार्म माझ्या हातापासून वीतभर होता.

असे अलार्म एकटे बोंबलत नाहीत, हे मला माहीत नव्हतं. तळघरातला ओरडला की स्वयंपाकघरातला ओरडतो, मग वरच्या मजल्यावरचे. कुणी उशी हलवून वारा घालायला लागलं, कुणी मुलांना बाहेर काढायला लागलं. देखरेख करणाऱ्या कंपनीचा फोन आला, पण यजमानांचा मोबाइल वर जेवणाच्या टेबलावर कोथिंबीरवडीच्या ताटाखाली होता. उत्तर मिळालं नाही की ते बंब पाठवतात. आठ-दहा मिनिटांत लाल दिव्यांची भलीमोठी गाडी दारात आणि सगळं मराठी मंडळ मोज्यांवर हिरवळीवर.

तीन स्वयंसेवक जवान अंगावर पूर्ण पोशाख चढवून तळघरात उतरले. मी विझलेल्या अगरबत्त्या हातात धरून आणि सुटाचं पोट आत ओढून उभा. थोरल्यानं माझ्याकडे, मग पडद्यावर थांबवलेल्या चित्राकडे पाहिलं.

“ट्वायलाइट झोन? नवं?”

मी मान हलवली.

“जुनं लावायचंत की! ते केसाळ भूत खिडकीला नाक लावतं ते.” आणि हेल्मेट काढून तो सांगायलाच लागला. लहानपणी तो भाग पाहिला तेव्हापासून विमानात खिडकीची जागा घेत नाही म्हणे. दुसरा म्हणाला, नवंही वाईट नाही. ती आई, तिचा जुना व्हिडिओ कॅमेरा आणि पाठीस लागलेला पोलीस, तो भाग त्याला झोपू देईना. दोघांची तिथेच जुंपली. माझे पाठ केलेले चारही मुद्दे थोरल्यानं दीड मिनिटात मांडले, तेही न थांबता. मग ते कागदावर काहीतरी लिहून, दोन कोथिंबीरवड्या घेऊन निघून गेले. तो भाग, ‘रीप्ले’, मीही पाहिला होता आणि मलाही आवडला होता. पण त्या संध्याकाळी मी सरकारी वकील होतो, बचावाचा साक्षीदार होणं बरं दिसलं नसतं.

शेवटी भाग सुरू झाला. एक पत्रकार विमानात बसतो. समोरच्या खिशात कुणाचा तरी विसरलेला एमपी-थ्री प्लेअर सापडतो, हा तो कानाला लावतो, तर त्यात ह्याच विमानाच्या बेपत्ता होण्याची साद्यंत कहाणी.

“शी!” मागून तीन बायका एकदम. “दुसऱ्याचं कानातलं घातलं?”

तिथून पुढे पाच-सात मिनिटं विमान कुठे चाललंय याकडे कुणाचं लक्ष नव्हतं; विमानाच्या खिशात लोक काय काय कोंबतात यावर अनुभवकथन चाललं. नेवार्क ते मुंबई पंधरा तास काढणाऱ्यांना विमान हा गूढ विषय उरलेलाच नाही. कुणी म्हणालं, हा इतका वेळ उठून फिरतो कसा, सीटबेल्टचा दिवा लागलाय ना? पंखावर राक्षस बसलेला दिसला तरी मधल्या सीटवरून शेजाऱ्याला उठवायचा धीर मला होणार नाही, असं एकानं कबूल केलं. हिंदी चित्रपटांवर पोसलेल्या एका काकूंनी दहाव्या मिनिटाला सांगून टाकलं, “हाच पाडणार विमान. वाचवायला जाईल आणि पाडेल.” तसंच झालं. काकूंनी दुसरी वडी घेतली.

मग मी जुना लावला. पंचवीस मिनिटं, काळापांढरा, तरुण विल्यम शॅटनर. नुकताच मनोरुग्णालयातून बरा होऊन निघालेला माणूस, त्याला पंखावर कुणीतरी दिसतं, बाकी कुणाला दिसत नाही. तो खिडकीचा पडदा ओढून घेतो. घाम पुसतो. पुन्हा पडद्याला हात लावतो, सोडतो, पुन्हा लावतो. मी श्वास रोखून खोलीकडे पाहत होतो. पडदा सरकला, काचेला चिकटलेला तो चेहरा आला...

“टेडी बेअर!” मुलं खो-खो हसत सुटली.

माझ्या मुलीनं सांत्वन केलं. “बाबा, एकशेछप्पन्नपैकी तुला किती आठवतात?” मी बोटं मोजली; दोन हात पुरले. “मग नव्याच्या पहिल्या मोसमाचे दहाच आहेत. त्यातले दोन बरे निघाले तर हिशोब काय झाला?” हिला गणिताच्या शिकवणीला मीच घातलं होतं.

अण्णा इतका वेळ गप्प होते. शेवटी शॅटनरला बांधून स्ट्रेचरवरून नेतात आणि कॅमेरा इंजिनावरच्या उचकटलेल्या पत्र्यावर जातो, तिथे ते पुढे सरकले.

“मागं घे जरा. थांबव. हा पत्रा बघ. आतून नाही फुटला, बाहेरून ओढलाय. माणूस खरं बोलत होता.”

इंग्रजीचा एक शब्द न कळता त्यांना शेवट कळला होता. मी मोठ्या आशेनं विचारलं, “आणि अण्णा, आधीचा कसा वाटला?”

“त्यात काय बघायचं? त्या पोराच्या कानात रेडिओ लागला की पुढचं समदं सांगून मोकळा. मग आपण बसायचं कशाला?” ते थांबले, आणि अगदी मायेनं म्हणाले, “राग मानू नका, तुमचं मघाचं भाषण पण तसंच झालं. बंब आला म्हणून सुटलो.”

एवढं हसू ना जुन्याला मिळालं होतं ना नव्याला. ते ओसरल्यावर अण्णांनीच विषय पुढे नेला. गाडी डेपोत लागल्यावर ड्रायव्हर तक्रार लिहितो, मेकॅनिक सही करतो. इथे ड्रायव्हरनं काही पाहिलंच नाही आणि ज्यानं पाहिलं त्याला वेड्यात काढलेलं. मग रिपोर्टात काय लिहायचं? ‘अज्ञात इसमाने पत्रा उचकटला’ असं लिहिलं तर वर्कशॉपवाला घेईल का? यावर खोलीत दोन तट पडले. विमान कंपनीत हिशेब तपासणारा एकजण विम्याच्या बाजूनं बोलू लागला, काकूंचं म्हणणं त्या माणसाच्या बायकोला आधी सांगायला हवं, आणि मघाशी टेडी बेअर म्हणून हसणारी मुलं मोबाइलवर पत्र्याचा फोटो मोठा करून अण्णांना दाखवायला लागली.

मूळ कथा लिहिणारा रिचर्ड मॅथेसन, असं मी म्हणायला सुरुवात केली. तेवढ्यात वरून भजी आली.