किन्हीराजाच्या नाल्यात बॅटऱ्या फोडणाऱ्यास

नमस्कार लिहीत नाही. तुमचं नाव मला ठाऊक आहे, पण तेही लिहीत नाही, कारण हा धंदा करणारे तुम्ही एकटे नाही आणि बाकीच्यांनीही हे वाचावं असं मला वाटतं.

परवा पहाटे वावराकडे जाताना पुलाखालून करपट वास आला. उतरून पाहिलं तर राख अजून गरम होती. राखेत वायरींची जळकी वेटोळी, बाजूला फुटलेली पिक्चर ट्यूब, रोह्यांसाठी लावतात त्या झटका मशीनची रिकामी पेटी आणि बॅटऱ्यांची सात-आठ फोडलेली खोकी पडली होती. एका खोक्यावर तेलरंगात दोन पांढऱ्या रेघा होत्या. त्या मीच ओढलेल्या. माझ्या फवारणी पंपाची ती बॅटरी. सोयाबीनच्या शेवटच्या फवारणीला ती चार्ज धरेना, म्हणून मी तुमच्या भंगाराच्या काट्यावर आणून दिली होती. ‘कंपनीत जाते, वितळवून नवी करतात,’ असं तुम्ही तोंडावर सांगितलंत. मी विश्वास ठेवला. तुम्ही खोटं बोललात.

हिशेबाला तुम्ही पक्के आहात, काटा पाव किलोही इकडचा तिकडे होऊ देत नाही. मग हाही हिशेब करा. अशा बॅटरीच्या वजनात निम्म्याहून जास्त शिसं असतं. तुम्ही जाळ्या ओढून घेतल्या आणि तेजाब वाळूत ओतलं. त्या तेजाबातलं आणि राखाडी लगद्यातलं शिसं तिथंच राहिलं. ते कुजत नाही, उन्हाने उडून जात नाही. पुढच्या पुरात ते खालच्या वावरांत जाईल. नाल्यातल्या डबक्यावर शेळ्या पाणी पितात, पोरं खेकडे धरतात. पोटात गेलेलं शिसं लहान मुलाचं शरीर मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं, आणि त्याने मेंदूची झालेली हानी भरून येत नाही. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत लोक जुन्या बॅटऱ्यांतलं शिसं असंच मातीतून वेचत होते. तिथं 2007 च्या नोव्हेंबरपासून 2008 च्या मार्चपर्यंत 18 लेकरं दगावली. तुमची नातवंडं याच नाल्याकाठी खेळतात, मी रोज पाहतो.

वायरींचं तर मला कळतच नाही. सोललेल्या तांब्याला जळक्या तांब्यापेक्षा जास्त भाव मिळतो, हे तुम्हाला माझ्याहून चांगलं माहीत आहे. बसून सोलायचा कंटाळा, म्हणून रात्री काडी लावलीत. त्या प्लास्टिकच्या धुरात डायॉक्सिन असतं, आणि गावातल्या घरोघरच्या दमेकऱ्यांनी तो धूर रात्रभर घेतला. पिक्चर ट्यूबच्या मानेवरची तांब्याची गुंडाळी तेवढी काढलीत, शिशाची काच नाल्याला दिलीत.

मार्ग नव्हता, असं म्हणू नका. बॅटरी कचऱ्याचे नियम ऑगस्ट 2022 मध्ये आले. जुनी बॅटरी गोळा करून पुनर्वापराला देण्याची जबाबदारी त्यांनी उत्पादकावर टाकली आहे. ई-कचऱ्याचे नवे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. नोंदणी असलेल्या पुनर्वापर कारखान्यातच हा माल फुटला पाहिजे. बॅटरी अख्खी ठेवा, तेजाबासकट वरच्या व्यापाऱ्याला द्या, आणि तो ती कुठं नेतो याची पावती मागा. किलोमागे चार-दोन रुपये कमी सुटतील. ते आम्ही सोसू, आमच्या मालाचे तेवढे कमी धरा.

काचा आणि खोकी मी हातमोजे घालून दोन पोत्यांत भरली आहेत. पोती माझ्या गोठ्याच्या पत्र्याखाली, जनावरांपासून दूर ठेवली आहेत. उजेडी या, चार माणसांदेखत उचला. नाल्यातली काळी पडलेली माती खरवडायला मी फावडं घेऊन तुमच्यासोबत उतरेन. ग्रामपंचायतीत अर्ज लिहून ठेवलाय, त्यावर तुमचं नाव घालायचं तेवढं बाकी आहे. सोमवारी दुपारपर्यंत वाट पाहतो.