घट्ट वरणाचे व्रत

हे व्रत कोणत्याही पोथीत सापडणार नाही. चाळिशी ओलांडलेल्या, महिन्यातून दोन-चारदा मटण-मासे खाणाऱ्या आणि एरवी "आम्ही तसे व्हेजच" असे सांगणाऱ्या स्त्री-पुरुषांनी ते करावे. याने धनधान्य, संतती, राज्य वगैरे काही मिळत नाही. जिना चढताना कठडा धरावा लागत नाही, एवढेच फळ.

अधिकार कोणाला?

त्यासाठी रक्त तपासायला नको. जमिनीवर मांडी घालून बसावे आणि उठावे. हात न टेकता उठलात तर हा लेख घडी करून पुढच्या वर्षासाठी ठेवा. एक हात टेकला तर तुम्ही अधिकारी आहात. दोन्ही हात टेकून, वर "आई गं" म्हणालात तर व्रत कालच सुरू करायला हवे होते. मी गौरीच्या जेवणाला पंगतीतून उठताना शेजारच्या पाहुण्याच्या खांद्याचा आधार घेतला, तेव्हा मला हा अधिकार प्राप्त झाला. पाहुणे माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे होते.

शास्त्र असे की तिशीनंतर स्नायू दर दहा वर्षांनी साधारण ३ ते ८ टक्के झिजतात आणि साठीपुढे झीज आणखी भरभर होते. आयर्विन रोझेनबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९८९ मध्ये याला 'सार्कोपेनिया' असे नाव दिले. मूळ ग्रीक शब्दांचा अर्थ मांसाचे दारिद्र्य. हे दारिद्र्य चारचौघांत उघडे पडत नाही, कारण त्याच्यावर पोटाचे वैभव पांघरलेले असते. वजनकाटा तोच आकडा दाखवतो. आत मात्र मांस गेलेले असते आणि त्या जागी चरबी भाड्याने राहायला आलेली असते.

तिथिनिर्णय

"आम्ही नॉनव्हेज खातो, आम्हाला कसली कमतरता?" असे म्हणणाऱ्यांनी कॅलेंडर काढावे. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उरले बुधवार, शुक्रवार आणि रविवार, म्हणजे वर्षाचे १५६ दिवस. त्यातून श्रावण वजा. गणपती वजा. नवरात्र वजा. आमच्याकडे मार्गशीर्षही वजा. उरलेल्या दिवसांवर एखादी एकादशी किंवा संकष्टी येऊन बसतेच. हाती साधारण शंभर दिवस राहतात. त्यातले बुधवार "आज कोण बाजारात जाणार" यात जातात आणि शुक्रवारी "परवा रविवार आहेच की" असे ठरते. रविवारी सासरचे कोणी माळकरी पाहुणे येतात.

शेवटी मटण शिजते तो दिवस खरा दिवाळीचा. त्या दिवशी ताटात दोन फोडी पडतात, पैकी एक नळी. मग आपण रश्श्यावर तुटून पडतो. तांबडा तीन वाट्या, पांढरा दोन वाट्या, घाम, नाकातून पाणी आणि परमानंद. पण प्रथिने फोडीत असतात. रश्श्यात तिखट असते, तवंग असतो, आठवणी असतात.

हेच या व्रताचे मर्म आहे, म्हणून जरा थांबून वाचावे. आपण पातळाची माणसे आहोत. मटणाचा रस्सा, मिसळीचा कट, कटाची आमटी, सार, ताक आणि वरण. पदार्थाचे नाव तळाशी असलेल्या वस्तूचे, आणि आपण पितो वरचे पाणी.

संकल्प आणि हिशेब

संकल्पाला आकडा लागतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये प्रौढ माणसासाठी किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने ठरवून दिली आहेत. माझे वजन ७० किलो. म्हणजे ५८ ग्रॅम. पासष्टीपुढच्यांना तर अनेक तज्ज्ञ किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सांगतात.

आता माझा एक सरळमार्गी दिवस. सकाळी चहा आणि बिस्किटे ३ ग्रॅम, पोह्यांची बशी ५. दुपारी तीन पोळ्या १०, भाजी २, वरण ३, भात ३. चारचा चहा २. रात्री दोन पोळ्या ७, भाजी २, आमटी ३, भात ३. एकूण ४३. रोज १५ ग्रॅमची उधारी. ही उधारी शरीर मांडीच्या स्नायूंकडून वसूल करते. पावती देत नाही.

या हिशेबात वरणाच्या नावापुढे तीनच ग्रॅम का, हे पाहायला मी एकदा स्वयंपाकघरात उभा राहिलो. कुकरच्या डब्यात अर्धी वाटी तूरडाळ, म्हणजे पन्नासएक ग्रॅम. तूरडाळीत शंभराला २२ ग्रॅम प्रथिने धरली तर या डब्यात ११ ग्रॅम. खाणारी माणसे चार. डाळ घोटली, त्यात तांब्याभर पाणी गेले, हिंग-हळद गेली, वरून तूप. पाच मिनिटांत डाळ खाली बसली आणि वर पिवळे पाणी तरंगू लागले. पळी त्या पाण्यावरून होडीसारखी फिरत होती. म्हटले, "अगं, तळापासून वाढ की." बायको म्हणाली, "तळाचं रात्रीच्या आमटीला लागतं." रात्री त्याच तळात आणखी एक तांब्या ओतला गेला.

मराठीत 'पळीवाढे' असा सुंदर शब्द आहे. पळीने वाढता येईल इतपत घट्ट. आमच्या वरणाने हा शब्द केव्हाच सोडला होता. ते पेल्यातून वाढता आले असते.

साहित्य

तूर, मूग, मसूर, मटकी, वाल, कुळीथ, हरभरा: कोरड्या वजनावर यांत शंभराला २० ते २५ ग्रॅम प्रथिने. शेंगदाणे तितकेच, पण तेलासकट, म्हणून मूठ एकच. फुटाणे २०. सोयाबीनच्या वड्या ५०च्या वर. पनीर १८. दूध-दही ३. अंडे एकास ६. मटण, चिकन, मासे शंभराला ढोबळमानाने २० ते २५, जर वार आडवा आला नाही तर.

हे सगळे साहित्य वाण्याकडे मिळते. विमानाने आलेले काही लागत नाही. याच पोषण संस्थेच्या २०२४च्या मार्गदर्शिकेत दिवसाला ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये (किंवा त्यांच्या जागी काही अंडी-मांस) सांगितली आहेत. ८५ ग्रॅम डाळ वाटीत ओतून आपल्या सौभाग्यवतींना किंवा यजमानांना दाखवावी. "एवढी? चौघांना ना?" हा प्रश्न येईल. "एकाला" असे शांतपणे सांगून दोन पावले मागे सरावे.

विधी

प्रातःकाळी बिस्किटांचा पुडा वरच्या फळीवर ठेवावा, जिथे हात पोचण्यासाठी स्टूल लागेल. वाराची आडकाठी नसेल तर दोन अंडी उकडावीत. आमच्याकडे अंड्याचा तवा वेगळा आहे. तो गॅलरीत, झाडूच्या मागे, खिळ्याला टांगलेला असतो आणि घरात येताना आईच्या नजरेसमोरून न्यावा लागतो. आई काही बोलत नाही. फक्त जपमाळेचा वेग वाढतो. ज्यांच्या घरी हेही शक्य नाही त्यांनी मुगाची धिरडी किंवा थालीपीठ करावे, सोबत वाटीभर दही. भाजणीत धान्ये आणि डाळी एकत्र भाजतात, आणि त्यामागे शहाणपण आहे. धान्यांत लायसिन कमी पडते, डाळींत मेथिओनिन. दोघे एकमेकांचे उणे भरून काढतात. वरण-भात, मुगाची खिचडी, पुरणपोळी ही याच जातीची लग्ने, पत्रिका न पाहता जुळलेली.

मध्यान्ही वरण पळीवाढे करावे. चौघांना एक वाटी भरून डाळ घालावी. आठवड्यातून तीनदा उसळ: मटकी, वालाचे बिरडे, चवळी. उसळ म्हणजे ताटाच्या डाव्या बाजूचा चमचाभर मान नव्हे. वाटी भरून घ्यावी.

चारच्या चहाबरोबर मूठभर फुटाणे. मुठीत साधारण ३० ग्रॅम मावतात, म्हणजे ६ ग्रॅम प्रथिने. दात हलत असतील तर कुटून घ्यावेत.

रात्री पिठले किंवा कुळथाची पिठी. कोकणात गरिबाचे जेवण म्हणून हिची हेटाळणी झाली, आणि आता शहरातली दुकाने तीच पिठी ऑरगॅनिक म्हणून विकतात.

उपासाच्या दिवशी विशेष काळजी घ्यावी. साबुदाण्यात प्रथिने नावालाही नसतात. खिचडी खाऊन जी तरतरी वाटते तिचे श्रेय दाण्याच्या कुटाला द्यावे. वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि दही हा उपास मात्र नेहमीच्या जेवणाला लाजवेल असा आहे.

सगळी प्रथिने रात्रीच्या एकाच जेवणात कोंबू नयेत. वयाबरोबर स्नायूंचे कान जड होतात. पाच-सात ग्रॅमची कुजबुज त्यांना ऐकू जात नाही. प्रत्येक जेवणात २०-२५ ग्रॅमची खणखणीत हाक मारावी लागते.

आणि नुसत्या नैवेद्याने हा देव पावत नाही. स्नायूंना काम दिले नाही तर खाल्लेले वाया. कुकर लावला की तीन शिट्या होईपर्यंत, हात छातीशी बांधून, खुर्चीवरून उठावे आणि बसावे. गुडघे कुरकुरत असतील तर आधी डॉक्टरांना विचारावे. पहिल्या दिवशी मी एका शिटीत संपलो. आता तिन्ही होतात. अर्थात आमचा कुकर जुना आहे, शिट्या लवकर देतो.

निषेध

भिजवलेले पाच बदाम खाऊन प्रथिनांचा विषय संपला असे समजू नये. पाच बदामांत सव्वा ग्रॅम असते. बदाम सोलण्यात जी एकाग्रता लागते तिचा लाभ वेगळा.

मोड आले की प्रथिने दुप्पट होतात, हेही खरे नाही. मोड आल्यावर दुप्पट होते ते वजन, आणि ते पाण्याचे असते. मोड पचायला हलके, चवीला गोड, म्हणून जरूर खावेत. वाटी मात्र मोठी घ्यावी.

चिरंजीव जिमला जातात. त्यांनी मला पावडरचा एक डबा आणून दिला. बादलीएवढा. वर एका दाढी कोरलेल्या तरुणाचा दंड. "बाबा, रोज एक स्कूप घे, काही होत नाही." काही झाले नाही, हे खरेच. त्या एका स्कूपमध्ये जेवढी प्रथिने, तेवढी शंभर-सव्वाशे ग्रॅम फुटाण्यांत मिळतात, हे मी त्याला सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सव्वाशे ग्रॅम फुटाणे खाऊन बघ." बघितले. त्याचे म्हणणे बरोबर होते. तरीही २०२४च्या त्या मार्गदर्शिकेत शरीर कमावण्यासाठी असली पावडर टाळा असेच म्हटले आहे. सध्या त्या डब्यात रवा आहे. रव्याला मुंग्या लागत नाहीत, डबा उत्तम आहे.

शंकासमाधान

*गॅस होतो, काय करावे?* कडधान्य रात्रभर भिजवून पाणी फेकून द्यावे, पुरते शिजवावे, हिंग आणि ओवा सढळ हाताने घालावा, आणि वाटी आठवड्या-आठवड्याने वाढवावी. पहिल्याच दिवशी वाटीभर वाल खाऊन ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरू नये. असे करणाऱ्याला मी जवळून ओळखतो. दररोज आरशात दिसतो.

*मूत्रपिंडाला त्रास होईल का?* धडधाकट माणसाने एवढ्याने घाबरू नये. ज्यांचे मूत्रपिंड आधीच दुखावलेले आहे, क्रिएटिनिन वाढलेले आहे, त्यांनी हे व्रत डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. इथे थट्टा संपली असे समजावे.

*डाळी खाल्ल्या की सगळे मिळाले का?* नाही. बी-१२ जीवनसत्त्व डाळीत नसते. दूध, दही, अंडी, मासे यांतून येते. तेही बेताचे खात असाल तर एकदा तपासून घ्यावे.

उद्यापन

सव्वा महिना व्रत केल्यावर हिशेब पुन्हा मांडला. अंड्यांचे १२ ग्रॅम, घट्ट झालेल्या वरण-आमटीचे ६, फुटाण्यांचे ६. त्रेचाळिसाचे सदुसष्ट झाले. मी वही मिटून विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात गेलो. सगळ्यांची जेवणे उरकली होती आणि ही ओट्याशी उभी राहून जेवत होती. वरणाचे पातेले तिरके करून तिने त्यात थोडे पाणी फिरवले, कडांना लागलेले खरवडले आणि ते भातावर ओतले. माझे सदुसष्ट झाले होते. तिचे किती, ते मी वहीत मांडलेच नव्हते. तिचे वजन ६० किलो, म्हणजे रोजचे ५०. वय माझ्याहून तीन वर्षांनी कमी, आणि पाळी थांबल्यावर बाईचे हाड आणि स्नायू दोन्ही वेगाने उतरणीला लागतात. पंगतीतून उठताना तीही हात टेकते. माझ्या लक्षात आले नव्हते, कारण ती पंगतीत बसतच नाही.

तेव्हा उद्यापनाचा विधी असा: आज रात्री वरण वाढताना पळी तळाला टेकवा, आणि पहिली वाटी ज्याने किंवा जिने स्वयंपाक केला त्याची किंवा तिची भरा.