श्रीलंकेचं जंगल ‘उरकून’ दाखवणाऱ्या सहलप्रमुखांस

आदरणीय सहलप्रमुख महोदय,

स. न. वि. वि.

श्रीलंकेतली आमची जंगल आणि ट्रेकिंग सहल आपल्या कृपाछत्राखाली सुखरूप पार पडली. निरोपाच्या जेवणाला आपण प्रत्येकाचं तोंडभरून कौतुक केलंत, आपलं मात्र कोणीच केलं नाही. ती उणीव या जाहीर पत्राने भरून काढते.

पहिले आभार पोह्यांचे. हॉर्टन प्लेन्सचं पठार २,१०० मीटरहून उंच. तिथल्या ‘वर्ल्ड्स एंड’ कड्यावरून दरी बघायची, तर पहाटे सहाला फाटकात हजर हवं. नऊ-दहाच्या सुमारास धुकं चढतं, हे तिकडे कोणीही सांगतं. पण गटाला गरम पोहे मिळालेच पाहिजेत, हा आपला बाणा! नुवारा एलियाच्या हॉटेलात पोह्यांना वाफ येईपर्यंत आपण बस हलू दिली नाहीत. आम्ही पोहोचलो तेव्हा सुमारे ८८० मीटर खोल दरी धुक्याने गच्च भरली होती. त्या पांढऱ्या भिंतीसमोर आपण सगळ्यांना हसायला लावून फोटो काढलात आणि यादीतलं एक ठिकाण खोडलंत. केवढी ही तत्परता!

तिथल्या फाटकावर कर्मचारी बाटल्यांवरची प्लास्टिकची वेष्टनं काढून घेत होते, तेव्हा ‘किती वेळ लावतात हे!’ असं आपण आमच्या वतीने सुनावलंत. आम्ही ऋणी आहोत. पुढे वाहनतळावर माणसांना सरावलेलं सांबर आलं, तर आपण वेफर्सचं पाकीटच त्याच्या तोंडापाशी धरलंत. असलंच प्लास्टिक सांबरांच्या पोटात जातं, म्हणून तर ती तपासणी होती. पण पाहुणचारात आपण कुठे हटता!

आता याला राष्ट्रीय उद्यान. श्रीलंकेत वाघ-सिंह नाहीत, बिबट्याच तिथला राजा. यालाच्या पहिल्या ब्लॉकमध्ये बिबट्यांची जी दाटी आहे, तशी जगात फार थोड्या ठिकाणी आहे. जीपवाल्याच्या मोबाइलवर ‘दिसला’ असा निरोप आला आणि आपण त्याला बक्षिसी कबूल करून टाकलीत. वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर. आपल्या औदार्यापुढे तिची काय मातबरी?

बिबट्याची मादी रस्त्याच्या कडेला उभी होती. तिला पलीकडे जायचं होतं. जीपगाड्यांच्या गराड्यात तिने फट शोधली, एक पाऊल रस्त्यावर टाकलं आणि नेमकी त्याच फटीत आपली जीप घुसली. पाऊल मागे गेलं. कान पाडून ती झुडपात परतली. आपण टाळी वाजवून म्हणालात, ‘पैसे वसूल!’ वसुली कोणाकडून झाली, ते सांगायचं मात्र राहिलं.

सिंहराजातल्या मनोरंजनाबद्दलही आभार. १९८८ पासून जागतिक वारसा यादीत असलेल्या या वर्षावनात निरनिराळ्या जातींचे पक्षी एकत्र थवा करून चरतात. आधी नारिंगी चोचीच्या सातभाईंचा कलकलाट येतो, सोबतीला कोतवाल असतो, मागोमाग बाकीचे. स्थानिक वाटाड्याने हात वर केला, मान तिरकी करून कानोसा घेतला, ओठांवर बोट ठेवलं. तेवढ्यात गट कंटाळू नये म्हणून आपण अंताक्षरी सुरू केलीत. त्याने हात खाली घेतला. त्यानंतर तो काही बोलला नाही.

सामानाच्या यादीत फोटोसाठी रंगीत टोप्या आवर्जून होत्या, जळवांपासून वाचवणारे मोजे नव्हते. रक्ताळलेल्या पोटऱ्या पाहून ‘निसर्गाचं रक्तदान शिबिर!’ असा धीर आपण दिलात. गटातल्या आजींनाही फार धीर आला.

महोदय, आता हात जोडून विनवते. जंगलाची वेळ तिथला माणूस जाणतो; तो बोलेल तेव्हा आपण गप्प राहावं. पोहे डब्यात बांधून घ्यावेत. बिबट्याला आधी रस्ता द्यावा, दिसला तर दिसला. मोज्यांना यादीत जागा द्यावी. एवढं जमणार नसेल, तर पुढच्या गटाला कोलंबोचा बाजार दाखवून आणावा. जंगलात नेऊ नये.

कळावे. लोभ असावा, आमच्यापेक्षा जंगलावर अधिक असावा.

आपली,
गटातली एक प्रवासी